माहेरपणाला आलेलं चित्र

बाई चित्र आधी पाठीमागून बघायच्या.

कुणी नवा चित्रकार काखेत चित्र मारून गिरगावातल्या आमच्या गॅलरीचा लाकडी जिना चढून आला, की बाई त्याला बसायला सांगायच्या, पाणी द्यायच्या आणि चित्र भिंतीकडे तोंड करून उभं करायला लावायच्या. मग चष्मा कपाळावर सरकवून त्याची पाठ निरखायच्या. खिळे कसे मारलेत, कापड कुठे ढिलं राहिलंय, कोपऱ्यातली घडी नीट बसलीय का, लाकूड ओलं तर नाही. चित्रकार बिचारा घाम पुसत बसलेला. पाच-सात मिनिटांनी बाई म्हणायच्या, "बरं, आता तोंड दाखव." हे त्या चित्राला म्हणाल्या की चित्रकाराला, ते कुणालाच कळायचं नाही. एकदा एक मुलगा खरोखरच घाबरून उठून त्यांच्यासमोर उभा राहिला होता.

मी त्यांच्याकडे अकरा वर्षं काम केलं. त्याआधी मी एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. छापखाना बंद झाला तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते आणि चित्रकलेतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. तसं मी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, "कळणारे इथे रोज येतात. मला वाचता येणारं माणूस हवंय." आणि एक जुनी चित्रयादी माझ्या हातात देऊन चुका काढायला सांगितल्या. मी चौदा काढल्या. त्यांनी यादी परत घेतली, स्वतः पंधरावी काढली आणि म्हणाल्या, "उद्यापासून ये."

गॅलरी त्यांच्या सासऱ्यांनी सुरू केलेली. आधी ते फ्रेमचं दुकान होतं. देवादिकांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, गेलेल्या माणसांचे फोटो. फ्रेम करायला आलेली काही चित्रं सासऱ्यांना इतकी आवडायची की ती ते मुद्दाम दुकानाच्या दर्शनी भिंतीवर लावून ठेवायचे. लोक विचारू लागले, "ही विकायची आहेत का?" तिथून गॅलरी झाली. बाईंचे यजमान लवकर गेले आणि सगळा कारभार बाईंच्या अंगावर आला. मी लागले तेव्हा त्यांना एकट्यानं गॅलरी चालवून तीस वर्षं होऊन गेली होती. सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, पायात कोल्हापुरी चप्पल. गॅलरीत शिरताना मात्र त्या चप्पल बाहेर काढायच्या. सोवळंओवळं काही नव्हतं. चपलेचा आवाज झाला की चित्राकडे लक्ष लागत नाही, असं त्यांचं म्हणणं.

"छान" या शब्दाचा त्यांना राग होता. कुणी चित्रासमोर उभं राहून "वा, छान आहे!" म्हणालं, की बाई मागून येऊन शांतपणे विचारायच्या, "कुठे?"

"म्हणजे?"

"कुठे छान आहे? बोट ठेवून दाखवा. चित्राला लागू देऊ नका, पण दाखवा."

माणसं गडबडून जायची. काही चिडायची. पण काही खरंच बोट दाखवायची, आणि मग अर्धा-अर्धा तास तिथून हलायची नाहीत.

विकण्याची त्यांची तऱ्हा तर अजबच. चित्र पसंत पडलं एवढ्यानं भागायचं नाही. बाई म्हणायच्या, "आधी भिंत दाखवा." आणि खरंच घरी जाऊन भिंत बघून यायच्या. ऊन किती वाजता येतं, समोर खिडकी आहे की टीव्ही, माणसं कुठे बसतात. करी रोडला आमच्या चाळीसमोर जे टॉवर झाले, त्यातल्या एकात चौतिसाव्या मजल्यावर आम्ही दोघी गेलो होतो. घर म्हणजे काचाच काचा. समुद्र दिसतो, विमानं दिसतात. गृहस्थ हौसेनं सगळं दाखवत होते. बाईंनी घरभर फिरून बघितलं आणि म्हणाल्या, "चित्र देता येणार नाही. तुमच्याकडे भिंतच नाही."

लिफ्टमध्ये मी म्हटलं, "बाई, हातातलं गिऱ्हाईक गेलं."

"जाऊ दे गो. तो समुद्र बघेल की चित्र बघेल?"

आठ महिन्यांनी ते गृहस्थ मोबाइलवर एक फोटो घेऊन आले. त्यांनी दिवाणखान्यात एक भिंत बांधून घेतली होती. बाई पुन्हा गेल्या, भिंतीवरून हात फिरवला आणि चित्र दिलं.

आमच्याकडे वर्षात तीन प्रदर्शनं व्हायची. थंडीतलं मोठ्या चित्रकारांचं. त्यावर गॅलरीचं वर्ष निघायचं. पावसाळ्यातलं नव्या मुलांचं. त्यात चित्रं लहान, कारण भिजत आणायची असतात. आणि तिसरं मे महिन्यातलं. तेव्हा गिरगाव निम्मं गावी गेलेलं असतं, गिऱ्हाईक फिरकत नाही, आणि बाकीचे गॅलरीवाले त्या दिवसांत रंगकाम काढतात. बाई मात्र या गॅलरीतून आजवर विकल्या गेलेल्या चित्रांपैकी पंचवीस-तीस चित्रं पंधरा दिवसांसाठी परत मागवायच्या. विकायला नाही. नुसती भिंतीवर लावायला. पत्रिकेवर एकच शब्द असायचा: माहेरपण.

चित्र देताना त्या गिऱ्हाइकाकडून तोंडी कबूल करून घ्यायच्या, "बोलावलं की पाठवायचं." एप्रिलअखेर आम्ही दोघी टॅक्सीनं घरोघर फिरून चित्रं गोळा करायचो. बाई लेकींची करावी तशी एकेका चित्राची चौकशी करायच्या. एका घरी चित्र देवघरासमोर लावलेलं निघालं. "उदबत्तीनं काळवंडून टाकलीत की हो पोरीला," म्हणून त्यांनी त्या घरच्या सासूला झापलं. दुसऱ्या घरी चित्र स्वयंपाकघरात होतं, खालच्या कडेला फोडणीचे डाग. मला वाटलं, आता यांची धडगत नाही. पण बाई हसल्या. म्हणाल्या, "ही मजेत आहे. हिच्यासमोर माणसं जेवतात."

चित्रांवर इतका जीव असणाऱ्या या बाईंचा खरा हट्ट मात्र चित्राशेजारच्या लेबलाचा. ते काम माझ्याकडे होतं. चित्राचं नाव, चित्रकाराचं पूर्ण नाव, माध्यम, साल. एका पावसाळी प्रदर्शनात एका मुलीच्या वडिलांच्या नावातली एक वेलांटी माझ्याकडून चुकली. पाहुणे जिन्यात उभे, समई पेटलेली, आणि बाईंनी नवीन लेबल येईपर्यंत दार उघडलं नाही. मला रडू कोसळलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी चहा पिताना त्यांनी आपणहून कारण सांगितलं.

बाई मूळच्या लालबागच्या. घर मालवणी. वडील गिरणीत नक्षी काढणाऱ्या खात्यात होते. साड्यांचे काठ, पदर. रात्रंदिवस कागदावर चौकोन भरत बसायचे. "एकदा दादरला बसच्या रांगेत एक बाई होत्या," त्या म्हणाल्या. "त्यांच्या साडीचा काठ बाबांचा. कोयरीच्या देठाला एक गाठ असायची, ती त्यांचीच. मी त्या बाईंना म्हटलं, हा काठ माझ्या वडिलांनी काढलाय. त्या म्हणाल्या, छे हो, ही तर गिरणीची साडी आहे. आता यात त्यांचं काय चुकलं? कुठे लिहिलेलंच नव्हतं." चहा संपवून त्यांनी कप खाली ठेवला. "आपल्या भिंतीवर ज्याचा हात, त्याचंच नाव. बस. बाकी मला काय येतं?"

पुढे जे घडलं ते या हट्टामुळे.

माहेरपणाला दरवर्षी न चुकता येणारे एक काका होते. माझगावच्या गोदीत त्यांनी आयुष्यभर क्रेन चालवलेली. निवृत्त झाले त्या वर्षी त्यांनी आमच्याकडून एक चित्र घेतलं होतं, 'ओहोटी' नावाचं. गोदीतली दुपार, चिखलात कलंडलेली होडी, मागे गोदामाची लांबच लांब भिंत आणि वर कोपऱ्यात क्रेनची मान. ते काढणारा चित्रकार तेव्हा कुणाला ठाऊक नव्हता. तो वारल्यानंतर त्याचं नाव झालं, आणि त्याच्या चित्रांमागे माणसं हिंडू लागली. काकांना त्याचं काही नव्हतं. ते उत्तरायुष्यात मुलाकडे करी रोडला राहायला आले तेव्हा चित्रही बरोबर आलं आणि त्यांच्या खोलीत लागलं. मे महिन्यात चित्र गॅलरीत आलं की काकाही यायचे, बाकावर बसायचे, त्याच्याकडे बघत. घरी रोज दिसणारं चित्र इथे येऊन काय बघता, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "घरी ते माझं असतं. इथे ते चार लोकांत कसं दिसतं ते बघतो."

अलीकडे त्यांच्या डोळ्यांच्या मधोमध डाग आला होता. समोरचं दिसायचं नाही, कडेचं दिसायचं. त्यामुळे ते चित्राकडे मान वळवून तिरपे बघायचे. लेबल वाचता यायचं नाही, म्हणून आल्या आल्या मला म्हणायचे, "वाच गं." मी वाचायचे. पाठ असलेली गोष्ट ऐकावी तसं ते ऐकायचे.

त्या वर्षी चित्र आणायला गेलो तेव्हा काका दारात आले नाहीत. मुलानंच चित्र गुंडाळून तयार ठेवलं होतं. "बाबा झोपलेत," म्हणाला. गॅलरीत आल्यावर बाईंनी नेहमीप्रमाणे चित्र पालथं केलं. फ्रेम तीच. फ्रेमच्या पाठीवर बाईंच्याच अक्षरातली चिकटपट्टी तीच. बाईंनी कडेला दुमडलेल्या कापडावरून नख फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि खुर्ची ओढून बसल्या.

"कापड चुकलंय," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"हा माणूस जन्मभर एकाच गिरणीच्या मांजरपाटावर रंगवायचा. जाड, गाठीगाठीचं. ती गिरणी बंद पडून माझे केस पांढरे झाले. हे बघ, हे दुकानातलं तयार कापड."

आम्ही चित्र सुलटं केलं. मला तर तेच चित्र दिसत होतं. तोच चिखल, तीच होडी. बाई त्याच्यासमोर तासभर बसल्या. मी वाट बघत होते, की आता संतापतील, फोन उचलतील. त्या म्हणाल्या, "हात चांगला आहे गो याचा."

मग फोन केला. मुलगा दुपारच्या सुट्टीत आला, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच. बाईंनी काही विचारायच्या आधीच त्यानं सांगून टाकलं. मुलीला शिकायला परदेशी पाठवायचं होतं. एकजण चित्राच्या मागे लागला होता. "वर्ष होत आलं, मॅडम. बाबांची भिंत रिकामी दिसायला नको म्हणून मी तसंच्या तसं करून घेतलं. त्यांना कळलेलं नाही. त्यांना दिसतच नाही."

"कुणी काढलं?" बाईंनी विचारलं.

त्याला हा प्रश्न अपेक्षित नसावा. "भोईवाड्यात एक पेंटर आहे. मंडळांचे पडदेबिडदे करतो. विलास की काय."

"पुढे?"

"पुढचं माहीत नाही."

"आज मंगळवार," बाई म्हणाल्या. "शनिवारी प्रदर्शन उघडतंय. त्याच्या आत तू त्यांना सांग. तू नाही सांगितलंस तर लेबल सांगेल."

"मॅडम, लावूच नका ना. जागा नव्हती म्हणा."

"मग ते येऊन रिकाम्या भिंतीसमोर बसणार. आणि मी त्यांच्याशी खोटं बोलणार."

"मग जुनंच लेबल राहू द्या. कुणाचं काय जातंय?"

"ज्यानं हे काढलं त्याचं जातंय."

तो गेल्यावर मी बाईंशी भांडले. अकरा वर्षांत एकदाच. म्हटलं, म्हातारं माणूस, डोळे गेलेले, त्यांचा एवढाच तर आनंद आहे. आपण कोण तो काढून घेणारे? बाईंनी ऐकून घेतलं. "ते म्हातारे आहेत," त्या म्हणाल्या, "बावळट नाहीत. आंधळ्याला काहीही चालतं, असं त्यांच्या घरात ठरलंय. ते मी इथे कसं चालवू?"

दुसऱ्या दिवशी आम्ही भोईवाड्यात गेलो. विचारत विचारत एका शेडमध्ये पोचलो. पन्नाशीचा एक बारकासा माणूस लग्नाच्या हॉलसाठी मोरांचा पडदा रंगवत होता. बाईंनी 'ओहोटी'चं नाव काढताच त्याच्या हातातला ब्रश डब्यात गेला. "मॅडम, मी फसवलं नाय कुणाला. सही पण नाय केली त्यांची. साहेब बोलले घरात लावायचंय."

"माहीत आहे. तुमचं पूर्ण नाव सांगा. आणि तुम्ही कसं लिहिता ते लिहून द्या."

त्यानं पँटला हात पुसले आणि माझ्या वहीत सावकाश लिहिलं. या लेखात मी कुणाचंच नाव घेतलेलं नाही, पण हे एक घेते. नाही घेतलं तर बाई मला माफ करणार नाहीत. विलास गणपत तळवडेकर.

शनिवारी अकरा वाजता मुलगा काकांना घेऊन आला. जिन्यात त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. त्यानं सांगितलं नव्हतं.

काका बाकावर बसले, काठी गुडघ्यांच्या मध्ये धरली, मान वळवली. "वाच गं."

गॅलरीत सात-आठ माणसं होती. मी लेबलाकडे बघितलं. ते मीच लिहिलं होतं. आणि मला ते वाचवेना. मी जुनं लेबल म्हटलं. ओहोटी, आणि त्या वारलेल्या चित्रकाराचं नाव. पाठच होतं मला.

"नीट वाच," मागून बाईंचा आवाज आला. रागाचा नव्हता.

मी वाचलं. "ओहोटी. विलास गणपत तळवडेकर." खाली बारीक अक्षरात मूळ चित्र कुणाचं ते होतं, तेही वाचलं.

काकांनी मान आणखी तिरपी केली. मग म्हणाले, "पुन्हा एकदा." मी पुन्हा वाचलं.

"कधीपासून?"

"वर्ष होत आलं, बाबा," दाराशी उभा असलेला मुलगा म्हणाला.

काकांनी तिकडे तोंड वळवलं नाही. ते उठले, चित्राच्या इतके जवळ गेले की नाक लागेल असं मला वाटलं, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून इंच इंच बघत राहिले. शेवटी बाईंना म्हणाले, "हे तळवडेकर इथे येतील का?"

"बोलावलं तर येतील."

"उद्या बोलवा."

जिना उतरताना त्यांनी कठडा धरला. मुलाचा हात धरला नाही. त्या संध्याकाळी दार ओढून घेताना बाई म्हणाल्या, "माझं चुकलं का गो?" असं त्यांनी मला कधीच विचारलं नव्हतं. मी कुलूप लावलं.

बाईंना याचा भुर्दंड पडला. कुणीतरी त्या लेबलाचा फोटो काढून पसरवला, आणि 'या गॅलरीत नकला लागतात' अशी कुजबुज सुरू झाली. थंडीच्या प्रदर्शनातून त्या वर्षी दोन मोठ्या चित्रकारांनी अंग काढून घेतलं. बाईंनी कुणालाही खुलासा पाठवला नाही. ती दोन नावं वगळून नवी यादी छापून घ्यायला मला सांगितलं, एवढंच. आज बाई नाहीत. गॅलरी आहे, दुसरे लोक चालवतात, चांगली चालवतात. माहेरपण तेवढं बंद पडलं.

पण मला सांगायचंय ते त्या रविवारचं. तळवडेकर इस्त्रीचा शर्ट घालून, केस चापून बसवून आले होते. काका आधीच बाकावर होते. मुलगा त्यांना सोडून खाली रस्त्यावर जाऊन उभा राहिला होता. काकांनी तळवडेकरांना शेजारी बसवून घेतलं.

"किती दिवस बघितलंत तुम्ही ते चित्र?"

"अकरा दिवस, काका. तुम्ही गावी गेलेलात तेव्हा. साहेबांनी तुमच्याच खोलीत बसवलेलं मला."

"मी एकोणतीस वर्षं बघितलं. आणि मग वर्षभर तुमचं बघितलं, तरी मला कळलं नाही. म्हणजे तुमची कमाल तरी आहे, नाहीतर मी आधीपासूनच नीट बघत नव्हतो."

"तसं नाय हो, काका."

"एक सांगा. मला दिसलं नाही असं काही तुम्हाला त्यात दिसलं होतं का?"

मला वाटलं, ते टोमणा मारतायत. पण त्यांच्या तोंडावर तसं काही नव्हतं. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. तळवडेकरांनी एकदा बाईंकडे बघितलं.

"होतं," ते म्हणाले. "बोलू का नको ते कळत नाय. तुमच्या खोलीत चार वाजता ऊन आडवं येतं. तेव्हा त्या गोदामाच्या भिंतीवर एक रेघ उठलेली दिसायची. रंगाची जाडी. मग नीट बघितलं तर डोकं, खांदा, एक हात वर. तिकडे आधी माणूस काढलेला, काका. मग त्याच्यावरनं भिंत मारली."

बाई खुर्चीतून उठून जवळ आल्या.

काकांनी मान चित्राकडे वळवली. मग हसायलाच लागले. "तरीच! गोदीत भर दुपारी एक माणूस नाही, असं होतच नाही. मी वर केबिनमध्ये असायचो ना, मला खालचं सगळं दिसायचं नाही. खाली एकजण हातानं खुणा करायचा, त्याच्यावर क्रेन चालायची. तो नसेल तर क्रेन हलतच नाही." मग थांबून म्हणाले, "तुम्ही तो का नाही काढलात?"

"वरनं दिसत नव्हता ना. जेवढं दिसतं तेवढंच काढायचं ठरलेलं."

"आता काढाल?"

सगळे बाईंकडे बघू लागले. प्रदर्शन चालू, चित्र भिंतीवर. बाई चित्राला कुणाला बोट लावू द्यायच्या नाहीत.

"माझ्याकडे काय बघताय?" बाई म्हणाल्या. "लेबलवर नाव त्यांचं आहे. चित्र त्यांचं. त्यांना वाटलं तर ते काढतील."

सोमवारी गॅलरी बंद असायची. तळवडेकर दुपारी रंगांची पेटी घेऊन आले. आम्ही चित्र उतरवून खुर्चीवर ठेवलं. दीड तास ते काम करत होते आणि काका शेजारी तिरपे बसून डोळ्याच्या कडेनं बघत होते. हातापाशी आल्यावर काकांनी त्यांना थांबवलं.

"असा नसतो तो हात. हा बाय-बाय करतोय. 'थांब' म्हणताना कोपर वर, पंजा पूर्ण उघडा. वरच्याला लांबून दिसला पाहिजे."

"कसा, काका?"

काका काठी बाकाला टेकवून उठले. गॅलरीच्या मधोमध पाय फाकवून उभे राहिले आणि उजवा हात वर केला, पंजा उघडा, बोटं ताठ. तळवडेकर एकदा त्यांच्याकडे, एकदा चित्राकडे बघत भराभर ब्रश चालवू लागले. काकांचा हात खाली येत नव्हता.

त्याच वेळी मुलगा त्यांना न्यायला जिना चढून आला. दारात पोचला आणि समोर वडील असे हात उभारून उभे. तो उंबऱ्यावरच थांबला. काकांना तो दिसत नव्हता. मी काही बोलणार होते, पण बाईंनी माझं मनगट धरलं.

"झालं, काका," तळवडेकर म्हणाले. काकांनी हात खाली घेतला.

जिन्यातल्या चपलेच्या आवाजावरून त्यांनी मुलाला ओळखलं असावं. "आलास? बघ जरा, बरोबर आलाय का. मला मधलं दिसत नाही."

मुलगा आत आला. इतक्या वर्षांत मी त्याला चित्र उचलताना, गुंडाळताना, टॅक्सीत घालताना पाहिलं होतं. चित्रासमोर उभा राहिलेला पहिल्यांदा पाहिला. त्यानं बराच वेळ बघितलं.

"तुमच्यासारखा दिसतोय, बाबा."

"मी नाही रे. मी वर. हा खालचा. दुपारच्या पाळीला आमच्याकडे एकजण होता, मालवणचा." काकांनी चाचपडत बाक शोधला, बसले आणि शेजारच्या जागेवर हात मारला. "बस. तुला सांगितलंच नाही मी कधी गोदीतलं."

मुलगा बसला. तळवडेकर ब्रश धुवायला आत गेले. बाईंनी मला खूण केली आणि आम्ही दोघी खाली उतरलो. कोपऱ्यावरच्या उपाहारगृहात बाईंनी दोन पियूष मागवली. त्यांचं लक्ष पेल्याकडे नव्हतं.

"तो माणूस का पुसला असेल गो त्या पहिल्या चित्रकारानं?" त्या म्हणाल्या. "काढून झाला होता. चांगला जमला असणार, तो जमेपर्यंत सोडायचा नाही. मग का?"

मी म्हटलं, चित्रात गर्दी वाटली असेल. त्यांना ते पटलं नाही. मग त्यांनी स्वतःच एक कारण सांगितलं, आणि पियूषचा एक घोट घेऊन तेही खोडून काढलं. कदाचित त्या माणसाचं पुढे काही बरंवाईट झालं असेल. कदाचित नुसतीच भिंत हवी असेल. मूळ चित्र आता कुठल्या घरात आहे, तिथे चार वाजता ऊन आडवं येतं का, याची त्यांना हुरहूर लागली होती. सत्तरी उलटलेल्या त्या बाई टेबलावर सांडलेल्या थेंबात बोट बुडवून मला तो खांदा कुठे असेल ते काढून दाखवत होत्या. वर गॅलरी उघडीच होती. आम्ही आणखी दोन पियूष मागवली.